काटेवाल्याची बायको

दर वर्षी वीस ऑक्टोबरला सकाळची न्याहारी झाली की डेल्मर टेस्की न्हाणीघरातला वजनकाटा उचलून अंगणातल्या सिमेंटच्या पट्टीवर आणून ठेवायचा, पायाने दोनदा दाबून तो डुगडुगत नाही ना ते बघायचा आणि हाक मारायचा, "लव्हॉन, चल, चढ."

लव्हॉन चढायची. बूट काढून, जाकीट काढून, नेब्रास्कातल्या ऑक्टोबरच्या वाऱ्यात. शेजारीपाजारी पानं गोळा करत असायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. डेल्मर वाकून आकडा वाचायचा, मोठ्याने म्हणायचा आणि वहीत लिहायचा. मग मागच्या वर्षीच्या आकड्याशी वजाबाकी. बाई जेवढे पौंड वाढलेली, तेवढे पौंड तिच्या सामानातून कमी. एका वर्षी सात पौंड वाढली तेव्हा सात पौंड कापड घरी राहिलं. एका वर्षी न्यूमोनियाने चार पौंड घटली, तर डेल्मर म्हणाला, "घे, चार पौंड बक्षीस," आणि तिने बिडाचा एक तवा नेला. डेल्मरने तिला दिलेली बक्षिसं मोजायला बसलं तर त्या तव्यापुढे गाडी जात नाही.

स्वतः डेल्मर त्या काट्यावर कधी चढला नाही. वहीत त्याच्या नावापुढे दर वर्षी एकशे पंच्याऐंशी पौंड. सैन्यातून सुटून आला त्या वर्षीचं हे वजन. पुढे पोट पट्ट्याच्या वरून ओसंडायला लागलं, पँटची दोन मापं वाढली, तरी वहीत तो सडपातळच राहिला.

वजनाचं हे प्रकरण मुळात खोटं नव्हतं, हे सांगून टाकलेलं बरं. टेस्की जोडप्याकडे सव्वीस फुटी ट्रेलर होता. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, मोरी, सगळं असलेलं चाकांवरचं घर. तो पिकअप ट्रकच्या मागे जोडायचा आणि हिवाळा काढायला ॲरिझोनाच्या वाळवंटात जायचं, मार्चअखेर परत यायचं, असा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. ट्रक, ट्रेलर, आतलं सामान आणि आत बसलेली माणसं मिळून चौदा हजार पौंडांच्या वर जाता कामा नये. जे लोक हे न बघता संसार कोंबतात त्यांचे ब्रेक घाटात जळतात. तेव्हा वजन करणारा माणूस शहाणा. फक्त शहाणपणाचा काटा एकाच माणसाकडे वळवून ठेवला की त्याला काय म्हणायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.

डेल्मरचा धंदाच तो. स्टाइनर गावच्या सहकारी धान्यकोठारात छत्तीस वर्षं तो भुईकाट्यावर होता. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, डेल्मर आकडा घ्यायचा. धान्य ओतून रिकामा ट्रक परत यायचा, पुन्हा आकडा. दोन्हींतला फरक म्हणजे धान्य. छत्तीस वर्षांत त्याने एक पौंड इकडचा तिकडे केला नाही. शेतकरी त्याला मानायचे आणि त्याच्या पाठीमागे त्याला शिव्या घालायचे. एकदा गारा पडत असताना त्याने एका पोटुशी बाईला ट्रकमधून खाली उतरवून उभं केलं होतं, कारण भरलेल्या ट्रकच्या वेळी ती आत नव्हती.

लव्हॉनशी त्याची गाठ तिथेच पडली. तिचा बाप एमिल मक्याचा ट्रक घेऊन यायचा आणि सोबत एकोणीस वर्षांच्या पोरीला आणायचा. भरलेला ट्रक तोलताना लव्हॉन आत बसलेली. रिकामा तोलताना ती पाणी प्यायला उतरलेली. दर फेरीला एक अख्खी मुलगी मका म्हणून कोठारात जमा होत होती. चार फेऱ्या खपल्या. पाचव्या फेरीला डेल्मर खोलीतून बाहेर आला. मागे नऊ ट्रकांची रांग.

"एमिल," तो म्हणाला, "तुमच्या मक्याला तहान फार लागते हो."

रांगेतले लोक हसले. एवढ्यावर थांबला असता तर तो डेल्मर कसला? त्याने लव्हॉनला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. एकशे अठ्ठावीस. गुणिले चार. एमिलच्या हिशेबातून तेवढा मका वजा झाला. घरी जाताना बाप पोरीशी चकार शब्द बोलला नाही, जणू तिचंच काही चुकलं होतं.

दोन आठवड्यांनी डेल्मर धुतलेला सदरा घालून त्यांच्या दारात उभा राहिला. लव्हॉन हो का म्हणाली? तिला विचारलं की ती सरळ सांगायची, "मला वाटलं, एवढा खरा माणूस, याच्याशी संसार सोपा जाईल." यात तिची थट्टा करण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या वर्षी बापाने ज्या पोरीला मका म्हणून विकली, तिला खरेपणाची भूक असणारच.

डेल्मर मात्र ती गोष्ट पुढे पंचेचाळीस वर्षं लग्नाकार्यात सांगत राहिला. "मी हिला मक्याच्या भावाने घेतली," असं म्हणून तो थांबायचा, लोक हसू लागले की बायकोकडे वरपासून खालपर्यंत बघायचा आणि पुढचं म्हणायचा, "भाव तोच आहे, माल वाढलाय." लव्हॉन ताटल्या गोळा करायला लागायची.

तिच्या वाट्याला ट्रेलरमध्ये एकशे ऐंशी पौंड असायचे. त्यात कपडे, घरी भरलेल्या मांसाच्या आणि बीटच्या बरण्या, गोधडीचं कापड आणि शिवणाचं मशीन. मशीन एक्कावन्न सालचं, काळं, लोखंडी, पेटीसकट चौतीस पौंडांचं. तिच्या आईने ते लग्नात दिलं होतं. त्या मशीनसाठी ती बाकी सगळ्यावर पाणी सोडायची. एका वर्षी जाड कोट नेला नाही. एका वर्षी कपड्यांचे चार पौंड वाचवायला दोन स्वेटर एकावर एक घालून ट्रकमध्ये बसली, तर डेल्मरने गाडी फाटकातच थांबवली आणि म्हणाला, "तू एमिलची लेक आहेस हे मी विसरलेलो नाही. एक काढ."

मशीनचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. ॲरिझोनात ते ट्रेलरवाल्यांच्या ज्या तळावर उतरायचे तिथे पत्र्याचा एक हॉल होता. मंगळवारी आणि गुरुवारी तिथे बारा-चौदा बाया गोधड्या शिवायला जमायच्या. बाकी सगळ्यांची मशीनं प्लॅस्टिकची, सुबक, हलकी. जीन्सचे चार थर आले किंवा वाऱ्याने फाटलेलं छताचं जाड कापड आलं की ती मशीनं रडायला लागायची, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "लव्हॉनला विचारा." पुरुष आपल्या फाटक्या ताडपत्र्या घेऊन दारात अदबीने उभे राहायचे. स्टाइनरमध्ये पासष्ट वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिथे ती डेल्मरची बायको. इथे डेल्मर लव्हॉनचा नवरा होता, आणि ते त्याला कळत नव्हतं असंही नाही.

त्याचं स्वतःचं वेड म्हणजे दगड. तळावरचे निम्मे म्हातारे सकाळी बादल्या घेऊन डोंगराच्या पायथ्याशी जायचे आणि लालपिवळे गारगोटे वेचून आणायचे. डेल्मरने एके वर्षी एका विक्रेत्याकडून दगड झालेल्या झाडाचा एक ओंडकाच घेतला. एकशे दहा पौंडांचा. बादल्यांतले धरून चारशे तीस. माणूस खरा, त्यामुळे दगडही त्याने काट्यावर ठेवले आणि वहीत लिहिले. मग एवढं वजन कुठून काढायचं याच्या मागे लागला. ट्रेलरच्या पुढच्या पलंगाखाली पाण्याची टाकी होती, ती त्याने रिकामी केली. बरण्या हिवाळ्यात खाऊन संपल्या होत्या. एवढं करूनही पंचवीस पौंड जास्त भरत होते.

मार्चमधल्या शेवटच्या गुरुवारी तो न्हाणीघरातला काटा काखोटीला मारून हॉलच्या दारात आला. आत सगळ्या बाया मशीनवर बसलेल्या.

"लव्हॉन, चल, चढ."

"इथे?" ती म्हणाली.

"इथली फरशी सपाट आहे. घराबाहेर नुसती वाळू."

मशीनं एकेक करून थांबली. आयोवाची अर्लिस होक्स्ट्रा ही लव्हॉनची तिथली मैत्रीण, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "डेल्मर, लाज वाटत नाही होय रे? ती काय डुक्कर आहे बाजारातलं?"

"डुक्कर असती तर वाढलेली बरी दिसली असती," डेल्मर म्हणाला. दोघी-तिघी हसल्या. हसल्या याचं त्यांना नंतर वाईट वाटलं, पण हसल्या.

लव्हॉनने बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ती चढली. डेल्मर वाकला.

"नऊ पौंड जास्त," तो म्हणाला. "ऑक्टोबरपेक्षा नऊ. अर्लिसच्या हातची ॲपल पाय आवडते ना फार? आता ऐक. आधी पंचवीसच जास्त होते, कापड आणि थोडं बारीकसारीक काढून भागलं असतं. त्यात हे नऊ. किती झाले?"

लव्हॉन काट्यावरून उतरली.

"चौतीस झाले. चौतीस पौंडांची तुझी एकच वस्तू आहे."

"मी सगळं कापड ठेवते इथे."

"कापड एकोणीस पौंड. मोजलंय."

"मग तवा ठेवते. भांडी ठेवते. डेल्मर, एखादा दगड ठेव ना. तो ओंडका अर्लिसच्या दारात ठेव, पुढच्या वर्षी नेऊ."

"ते झाड कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे," डेल्मर म्हणाला. "तुझं मशीन एक्कावन्न सालचं."

हे बोलून तो काटा उचलून निघून गेला. लव्हॉन भोकाच्या मोज्यानिशी तशीच उभी राहिली, मग खुर्चीवर बसली आणि चालू असलेली शिवण पुरी केली. अर्लिस म्हणाली, "माझ्याकडे ठेव मशीन. मी एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत आहे, माझ्या गाडीत घालून आयोवाला नेते." लव्हॉनला रडू आलं, तिने अर्लिसचा हात धरला. ठरलं. दुसऱ्या दिवशी मशीन अर्लिसकडे पोचवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हॉन कपडे धुवायला गेली. त्या तळाच्या फाटकाशी एक टेबल असतं. निघणारी माणसं आपल्याला नको असलेलं त्यावर ठेवतात, ज्याला हवं तो उचलतो, कुणी कुणाला विचारत नाही. लव्हॉन ओले कपडे घेऊन परत आली तेव्हा डेल्मर मशीनच्या रिकाम्या जागेवर फडकं मारत होता.

"टेबलावर ठेवलं," तो म्हणाला. "अर्ध्या तासात गेलंसुद्धा. बघ, चांगली वस्तू कुणालाही हवी असते."

"अर्लिस नेणार होती ते."

"मला कुणी सांगितलं नाही."

ती फाटकाकडे धावली. सत्तरीला टेकलेली बाई, पायात रबरी चपला. टेबलावर एक कॉफीची किटली आणि दोन पुस्तकं होती. कुठल्याशा गाडीने मशीन नेलं होतं, गाडी कुठली ते कुणी बघितलं नव्हतं. अर्लिस तिच्यासोबत तास-दीड तास एकेका ट्रेलरच्या दारावर टकटक करत फिरली. नाही मिळालं. परत आल्यावर लव्हॉनने उरलेलं एकोणीस पौंड कापडही उचललं आणि अर्लिसच्या अंगणात नेऊन ठेवलं. मशीनच नाही तर कापड काय पांघरायचं होतं? ते कळल्यावर डेल्मरने आणखी दोन गारगोटे भरले.

दगड सगळे ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात गेले. पुढे पलंगाखाली जागा रिकामी पडली होती, पण जिथे झोपतो तिथे धूळ नको, असं डेल्मरचं म्हणणं.

हमरस्त्याला लागण्याआधी तो एका पेट्रोलपंपावरच्या मोठ्या काट्यावर गाडी चढवायचा. तिथे चिठ्ठी मिळते. ट्रकच्या पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती, ट्रेलरच्या चाकांवर किती, आणि खाली बेरीज. डेल्मरने चिठ्ठी घेतली आणि बेरीज वाचली. तेरा हजार नऊशे नव्वद.

"दहा पौंड शिल्लक," तो म्हणाला आणि चिठ्ठी तिच्या मांडीवर टाकली. "याला म्हणतात वजन करणं."

छत्तीस वर्षांचा तो काटेवाला. भुईकाट्यावर अख्खा ट्रक एकदम तोलतात, धान्य पुढे आहे का मागे हे तिथे कुणी विचारत नाही. लव्हॉन शेतावर वाढलेली. गवताच्या गाडीवर पेंढ्या रचायचं काम बापाने तिलाच दिलं होतं, कारण चुकलं की मार तिलाच बसायचा. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, पुढची बाजू उचलते आणि मागची शेपटी आपल्या मर्जीने हलायला लागते, हे ती आठव्या वर्षी शिकली होती. तिने ट्रकमधल्या समोरच्या कप्प्यातून ऑक्टोबरची चिठ्ठी काढून शेजारी धरली. ट्रकच्या मागच्या चाकांवर पाचशे पौंड कमी. ट्रेलर ट्रकवर टेकतच नव्हता. तिच्या बरण्या, तिचं मशीन, पलंगाखालचं पाणी, या सगळ्याने इतकी वर्षं त्याची मान खाली दाबून धरली होती.

"डेल्मर, मागून जड झालंय," ती म्हणाली. "उलाळ झालाय ट्रेलर. थोडे दगड पुढे घे."

"बेरीज वाचता येते ना?"

"बेरीज बरोबर आहे. पण हे बघ, मागच्या चाकांवर—"

"तू मका होतीस तेव्हापासून मी वजन करतोय," डेल्मर म्हणाला आणि गाडी चालू केली.

तिने दोन्ही चिठ्ठ्यांची नीट घडी घातली आणि परत कप्प्यात ठेवल्या. सांगायचं ते तिने सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायची तिची इच्छा नव्हती, आणि याबद्दल तिला दोष द्यायचा असेल त्याने खुशाल द्यावा.

न्यू मेक्सिकोत दुपारी तीनच्या सुमाराला एक लांब उतार लागला. वारा आडवा होता. डावीकडून एक मोठा मालट्रक पुढे गेला, त्याचा झोत लागला आणि ट्रेलरने शेपटी हलवली. आधी थोडी, मग जास्त, मग ट्रकच मागून डावीउजवीकडे ओढला जायला लागला. अशा वेळी पायाने ब्रेक मारायचा नसतो. हाताशी ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी पट्टी असते, ती हळूच दाबायची. मग मागचा ट्रेलर ओढ धरतो आणि सरळ होतो. लव्हॉनने ट्रेलरसोबत आलेली पुस्तिका वाचली होती. डेल्मरने वाचली नव्हती, त्याला गरज वाटली नव्हती. पट्टी त्याच्या उजव्या गुडघ्याजवळ, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

तिने त्याचा पाय ब्रेकवर जाताना बघितला. तिने पट्टी बघितली. तिचे हात मांडीवर होते, एकात एक गुंतवलेले, आणि ते तिने तसेच ठेवले.

नंतर अर्लिसने तिला फोनवर विचारलं, "घाबरलीस का गं? काही सुचलं नाही?"

"सुचलं," लव्हॉन म्हणाली. "मी घाबरले नव्हते. मला मशीन दिसत होतं."

ट्रेलर आडवा झाला, त्याने ट्रकला वळवून डाव्या अंगाने चरात ढकललं. लव्हॉनचं गळ्याजवळचं हाड मोडलं. डेल्मरचा कणा मानेच्या बुंध्याशी मोडला. रस्त्यावर पाऊण मैल लालपिवळे दगड पसरले होते. पोलिसाने झाडू मागवून ते रस्त्याच्या कडेला लोटले. तो बिचारा लव्हॉनजवळ येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजी, हे सगळं मागे का भरलं होतं हो?"

"बेरीज बरोबर होती," लव्हॉन म्हणाली.

जूनमध्ये डेल्मर घरी आला. पाय गेलेले, हातात जोर नाही, आवाज आणि डोकं शाबूत. वजन एकशे अडुसष्ट. त्याला पलंगावरून उचलायला चाकांची एक उचलणी मिळाली. तिला कापडाची झोळी लटकते, झोळीत माणूस, आणि वर एका डबीत वजनाचा आकडा दिसतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या परिचारिकेने पहिल्याच दिवशी लव्हॉनला बाजूला घेऊन सांगितलं, "झोळी घालायला यांना कुशीवर वळवावं लागतं, आणि तुमचं हाड अजून कच्चं आहे. एकशे ऐंशीच्या आत आहेत तोवर तुम्हाला जमेल. त्याच्या वर गेले तर एकटीच्या जिवावर नका घेऊ. मग आपल्याला त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. खाणं जपा."

दार उघडं होतं. डेल्मरने ते ऐकलं. गावाबाहेरच्या त्या शुश्रूषागृहात त्याचा भाऊ तीन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडला आणि तिथेच मेला होता. "लव्हॉन," तो त्या संध्याकाळी म्हणाला, "मला तिथे नको टाकू." आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे काही मागितलं.

"जेव तू," लव्हॉन म्हणाली.

जुलैत अर्लिसचा फोन आला. "ऐक गं, आपल्या हॉलमधली ग्लॅडिस गेली. तिचं मशीन तिच्या पोरींना नकोय, हॉलला दिलंय. प्लॅस्टिकचं आहे, अकरा पौंडांचं, पण शिवतं. हिवाळ्यात तू विमानाने तळावर ये. माझ्याकडे राहा, माझ्याकडे पलंग आहे."

"डेल्मर आहे ना," लव्हॉन म्हणाली.

"हो, तो आहेच," अर्लिस म्हणाली.

त्या उन्हाळ्यात लव्हॉनने जसा स्वयंपाक केला तसा लग्नानंतर कधी केला नव्हता. बटाट्याच्या थराखाली खिमा आणि वरून साय. लोण्यात परतलेल्या शेंगा. डेल्मरला मनुका आणि आंबट साय घातलेली गोड पाय आवडायची, ती दिवसाआड. ती स्वतः चमच्याने भरवायची. डेल्मर आधी थोडा बिचकला, "वजन बघतेस ना?" असं एक-दोनदा म्हणाला. "बघते," ती म्हणायची. मग तो बिचकेनासा झाला. जेवून झालं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा तो म्हणाला, "मी तुझ्याशी नीट वागलो नाही गं." लव्हॉनने त्याच्या ओठाला लागलेली साय पुसली आणि आणखी एक चमचा पुढे केला. दर रविवारी ती त्याला झोळीत घालायची. आकड्याची डबी त्याच्या डोक्यामागे असायची, आणि ती सांगायची, "ठीक आहे."

त्याला खरंच माफ करावं असं तिला एकदाही वाटलं नाही का? वाटलं. ऑगस्टमध्ये, तो ते वाक्य बोलला त्या दिवशी, तिने पायची उरलेली अर्धी बशी शेजारच्या कुत्र्याला घातली. दुसऱ्या दिवशी ती फळीवरचं काहीतरी काढायला गेली आणि मशीनवर घालायची तिच्या आईने शिवलेली खोळ हाताला लागली. संध्याकाळी तिने नवी पाय भाजली.

वीस ऑक्टोबरला सकाळी न्याहारी झाली. अंगणात ट्रेलरच्या जागी गवत वाढलं होतं. परिचारिका यायची होती. लव्हॉनने झोळी घातली, हाड दुखत होतं म्हणून दोनदा थांबून, आणि उचलणीची कळ दाबली. डेल्मर हवेत वर गेला. दाराशी तिची एक बॅग भरून ठेवलेली होती. तो ती बघत होता.

आज तिने उचलणी वळवून डबी त्याच्यासमोर आणली.

"एकशे एकोणनव्वद," ती म्हणाली. "नऊ पौंड जास्त, डेल्मर."

तो झोळीत लटकत होता, अनवाणी. बराच वेळ त्याने आकड्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, आणि तिला वाटलं, आता हा रडणार, आता विनवणार. पण तो छत्तीस वर्षांचा काटेवाला होता.

"झोळीचं वजन वजा केलंस?" त्याने विचारलं.

"केलं. सहा पौंड."

"काटा शून्यावर आणला होतास?"

"आणला होता."

डेल्मरने डोळे मिटले.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला.